लिथियम कुणाला लागू पडते?

जॉन केड या ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञाचा ३ सप्टेंबर १९४९ च्या ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त छापलेला लेख एकाच निष्कर्षासाठी प्रसिद्ध आहे: लिथियमच्या क्षारांनी उन्माद शमतो. लेख मात्र एकोणीस रुग्णांचा होता. त्यांत उन्मादाचे दहा होते आणि ते दहाही सुधारले. स्किझोफ्रेनियाचे सहा होते. त्यांतल्या तिघांची अस्वस्थता कमी झाली, पण मूळ आजार जागचा हलला नाही. उरलेले तिघे जुनाट नैराश्याचे. त्यांच्यावर औषधाचा ना गुण दिसला ना अवगुण. लिथियम कुणाला लागू पडते आणि कुणाला नाही, हा प्रश्न आज जनुकशास्त्रज्ञ कोट्यवधींची यंत्रे लावून सोडवू पाहत आहेत. तो पहिल्या दिवसापासून त्या लेखात होता. दहाच्या दहा सुधारल्याच्या आनंदात बाकीच्या नऊ जणांकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही, इतकेच.

केडचा पहिला रुग्ण तर या प्रश्नाचा चालताबोलता नमुना होता. वय एक्कावन्न, मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या रुग्णालयात पाच वर्षे सतत उन्मादाच्या अवस्थेत. १९४८ च्या मार्चअखेरीस लिथियम सुरू झाले आणि काही महिन्यांत तो घरी जाऊन कामाला लागला. मग त्याने गोळ्या टाळायला सुरुवात केली, आजार उलटला, पुन्हा भरती, पुन्हा लिथियम. १९५० मध्ये तो लिथियमच्याच विषबाधेने गेला. तेव्हा रक्तातली पातळी मोजण्याची सोय नव्हती. गुण येणे, औषध सुटणे, मात्रा चुकणे हे सगळे एकाच माणसाच्या बाबतीत दोन वर्षांत घडले. ‘या रुग्णाला लिथियम लागू पडले का?’ या प्रश्नाला त्याच्या बाबतीत एका शब्दात काय उत्तर देणार?

आज ढोबळमानाने असे सांगतात की बायपोलरच्या, म्हणजे द्विध्रुवीय मनोविकाराच्या, एक तृतीयांश रुग्णांना लिथियम उत्तम लागू पडते. इतके, की वर्षानुवर्षे उन्मादाचा किंवा नैराश्याचा एकही झटका येत नाही आणि शेजाऱ्यांना आजाराचा पत्ताही लागत नाही. काहींना थोडाफार उपयोग होतो. झटके येतात पण सौम्य, लांब अंतराने. उरलेल्यांना काहीच फरक पडत नाही. एकच निदान, एकच गोळी, एकच मात्रा, तरीही हे असे का?

आधी ‘लागू पडणे’ मोजतात कसे ते पाहू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. ताप उतरला की नाही हे संध्याकाळपर्यंत कळते. बायपोलरमध्ये दोन झटक्यांच्या मधे एखाद्याला चार वर्षे मोकळी मिळतात, तीही औषधाविना. अशा माणसाला लिथियम सुरू केले आणि तीन वर्षे झटका आला नाही, तर श्रेय कुणाचे? कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे मार्टिन आल्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक मोजपट्टी तयार केली. उपचारांनी आजार किती कमी झाला याला शून्य ते दहा गुण द्यायचे. मग त्यातून वजाबाकी करायची: लिथियमपूर्वी झटके मोजकेच होते का, औषध पुरेसा काळ घेतले का, नियमित घेतले का, सोबत दुसरी औषधे होती का. वजा करून सात किंवा जास्त उरले तर रुग्ण लिथियमला ‘चांगला प्रतिसाद देणारा’. जगभरचे संशोधन आज या मोजपट्टीवर चालते. तिच्यातली प्रामाणिक गोष्ट म्हणजे ती वजाबाकी. उणीव अशी की सगळा हिशोब जुन्या केसपेपरवरून आणि आठवणीवरून होतो, आणि दोन डॉक्टर एकाच रुग्णाला नेहमी सारखेच गुण देतात असे नाही.

लिथियमची ख्याती ज्या चाचण्यांवर उभी राहिली त्यांच्याकडेही याच नजरेने पाहायला हवे. डेन्मार्कचे मोगेन्स शू आणि पॉल ख्रिश्चन बास्ट्रुप यांनी १९६७ मध्ये ८८ रुग्णांचा अनुभव मांडून दाखवले की लिथियम झटका शमवतेच, शिवाय पुढचा टाळतेही. लंडनच्या मायकल शेपर्ड आणि बॅरी ब्लॅकवेल यांनी लगेच ‘लॅन्सेट’मधून याला ‘आणखी एक मिथक’ ठरवले. तुलनेचा गट नाही, मग पुरावा कसला, हा त्यांचा आक्षेप होता. मग डॅनिश मंडळींनी १९७० मध्ये ८४ स्त्री रुग्णांवर आंधळी चाचणी केली. कुणाला खरी गोळी आणि कुणाला खोटी, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हते. पाच महिन्यांत खोट्या गोळीवरच्या ३९ पैकी २१ जणींचा आजार उलटला. लिथियमवरच्या ४५ पैकी एकीचाही नाही. वैद्यकात असे आकडे क्वचित दिसतात. पण या चौऱ्याऐंशी जणी निवडल्या कशा? किमान वर्षभर लिथियम घेऊन ज्यांचे बरे चालले होते अशांमधून. ज्यांना औषध मानवले नव्हते त्या आधीच वगळल्या गेल्या होत्या. शिवाय निम्म्यांचे औषध एकदम थांबवले होते, आणि लिथियम अचानक तोडले की आजार उसळून येतो हे पुढे सिद्ध झाले. चाचणी खोटी नव्हती. ज्यांना लिथियम लागू पडते त्यांना ते किती जबरदस्त लागू पडते, हे तिने दाखवले. सगळ्यांना लागू पडते, असे तिने म्हटलेच नव्हते. पुढच्या काळात लिथियमचे यश ‘घटले’ असे जे बोलले जाते, त्याचे एक कारण इथे आहे. दुसरे कारण, १९८० नंतर अमेरिकेच्या नव्या निदानसूचीमुळे बायपोलरची व्याख्या रुंदावली आणि पूर्वी जे स्किझोफ्रेनियात किंवा दोहोंच्या मधल्या कप्प्यात गेले असते असे बरेच रुग्ण तिच्यात आले. औषध तेच राहिले, त्याच्यापुढे बसलेली माणसे बदलली.

आता साध्या कारणांकडे येऊ. संशोधनाच्या लेखांत ती एका ओळीत उरकतात. प्रत्यक्ष दवाखान्यात, माझ्या मते, निम्मे ‘अपयश’ तिथेच सापडेल.

लिथियम यकृतात फुटत नाही. जसे पोटात जाते तसेच मूत्रपिंडातून बाहेर पडते. मूत्रपिंड त्याला सोडियमचा भाऊबंद समजून वागवते. शरीरात मीठ-पाणी कमी पडले की मूत्रपिंड सोडियम राखून ठेवू लागते आणि त्याच्याबरोबर लिथियमही राखते. वैशाखातल्या उन्हात राबणारा, जुलाबाने आडवा झालेला, निर्जळी एकादशी करणारा किंवा डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ बंद केलेला माणूस तीच गोळी घेऊन वेगळ्याच पातळीला पोहोचतो. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेनची पट्टी, रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी काही औषधे यांनीही पातळी चढते. उलट चहा-कॉफीतले कॅफिन लिथियम बाहेर टाकायला मदत करते.

रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर, काहींना १ पर्यंत, ठेवायची असते, १.५ च्या पुढे विषबाधेचा प्रदेश सुरू होतो. मोजायची पद्धत ठरलेली आहे: रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. प्रत्यक्षात रुग्ण नाश्ता आणि गोळी उरकून लॅबमध्ये येतो. आकडा फुगलेला निघतो, डॉक्टर मात्रा कमी करतात, आणि पुढच्या सहा महिन्यांत झटका आला की कागदावर नोंद होते ‘लिथियमला प्रतिसाद नाही’. आणखी एक गंमत, गंमत म्हणवत नाही खरे तर: रक्त गोठू नये म्हणून प्रयोगशाळेत हिरव्या झाकणाची जी नळी वापरतात, तिच्यात बहुधा लिथियम हेपॅरिन असते. लिथियमची तपासणी त्याच नळीत घेतली तर नळीतले लिथियमही रुग्णाच्या खात्यावर जमा होते. तालुक्याच्या गावी नमुना घेऊन शहरात पाठवायचा असतो तिथे हे पाहणार कोण?

किती पातळी पुरेशी, हाही वादाचा मुद्दा आहे. १९८९ मध्ये ॲलन गेलेनबर्ग यांच्या गटाने ९४ रुग्णांत ०.८ ते १.० आणि ०.४ ते ०.६ अशा दोन पातळ्यांची तुलना केली. खालच्या पातळीवर आजार उलटण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त निघाले. पुढे त्याच माहितीची पुन्हा छाननी झाली तेव्हा दिसले की वरच्या पातळीवरून ज्यांना एकदम खाली आणले होते त्यांनाच मोठा फटका बसला होता. म्हणजे दोष कमी पातळीचा किती आणि अचानक उतरवण्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

गोळी घेतलीच नाही, हे तर सगळ्यात मोठे कारण. हात थरथरतात, वजन वाढते, तहान लागते, थायरॉइड मंदावते, दीर्घकाळात काहींच्या मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय उन्मादाच्या चढत्या पायरीवरचा उत्साह ज्याला हवाहवासा वाटतो, तो स्वतःहून गोळी सोडतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ के रेडफिल्ड जेमिसन या आजारावरच्या अधिकारी लेखिका, आणि स्वतः रुग्णही. आपण लिथियमशी किती वर्षे झुंज दिली हे त्यांनी १९९५ च्या ‘ॲन अनक्वाएट माइंड’ या आत्मकथनात लिहिले आहे. तज्ज्ञाचीच ही तऱ्हा, तर इतरांचे काय सांगावे.

ही सगळी कारणे गाळून घेतली, पातळी नीट, गोळी नियमित, काळ पुरेसा, तरी खाली गाळ उरतोच. तोच खरा कोड्याचा भाग.

या भागावर पहिला प्रकाश टाकला तो जुन्या पद्धतीच्या डॉक्टरांनी, रुग्णाची हकीकत नीट विचारून. १९७४ मध्ये न्यूयॉर्कचे डेव्हिड डनर आणि रोनाल्ड फीव्ह लिथियम कुणात अपयशी ठरते ते पाहत होते. त्यांना दिसले की वर्षात चार किंवा अधिक झटके येणारे रुग्ण अपयशाच्या गटात गर्दी करतात. ‘रॅपिड सायकलिंग’ हा बायपोलरचा प्रकार आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. तो जन्मला लिथियमच्या अपयशाच्या हिशोबातून. त्यानंतर हळूहळू लिथियम लागू पडणाऱ्याचे चित्र स्पष्ट होत गेले. आधी उन्माद, मग नैराश्य, मग पूर्ण निरोगी मोकळा काळ, असा क्रम असलेल्यांना गुण जास्त येतो. आधी नैराश्य आणि त्यातून उसळी मारून उन्माद, असा उलटा क्रम असेल तर कमी. मधला काळ खरोखर स्वच्छ असेल, म्हणजे माणूस पूर्ववत नोकरी-संसार करत असेल, तर उत्तम. झटक्यांत भ्रम-भास फार नसतील, आजार फार कोवळ्या वयात सुरू झालेला नसेल, दारू वा इतर व्यसन सोबत नसेल, आणि उपचार सुरू व्हायला वर्षे गेलेली नसतील, तर पारडे लिथियमच्या बाजूला झुकते. डेन्मार्कच्या नोंदवह्यांवरून लार्स केसिंग यांनी २०१४ मध्ये दाखवले की आजाराच्या सुरुवातीलाच लिथियम मिळालेल्यांना ते उशिरा मिळालेल्यांपेक्षा जास्त लागू पडते. याचा अर्थ वेळ घालवल्याने मेंदू बदलतो, की उशिरापर्यंत रखडणारे रुग्ण मुळातच अवघड असतात? नोंदवहीवरून हे सांगता येत नाही. मला दुसरी शक्यता जास्त वजनदार वाटते, पण हा माझा कल आहे.

आणि घराणे. पॉल ग्रोफ, आल्डा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पाहिले की ज्यांना लिथियम उत्तम लागू पडले त्यांच्या बायपोलर नातेवाइकांपैकी ६७ टक्क्यांना तेही लागू पडले. तुलनेच्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. संख्या लहान होती, तरी दिशा स्वच्छ होती. शिवाय गुण आलेल्यांच्या घराण्यात बायपोलरसारखाच येऊन-जाऊन असणारा आजार दिसतो, गुण न आलेल्यांच्या घराण्यात स्किझोफ्रेनिया जास्त. इथून एक धाडसी निष्कर्ष निघतो आणि तो मला पटतो: ‘बायपोलर’ हा एक आजार नाही. एका नावाखाली नांदणारे ते निदान दोन आजार आहेत, आणि लिथियम त्यांतला एक ओळखते. वैद्यकाला हे नवे नाही. इटलीच्या मोडेना शहरातल्या फ्रांचेस्को तोर्ती या वैद्याने १७१२ मध्ये तापांची वर्गवारी केली ती सिंकोनाच्या सालीने कुठला ताप उतरतो आणि कुठला नाही यावरून. डास, जंतू, सूक्ष्मदर्शक यांतले काहीही हाताशी नसताना हिवताप बाकीच्या तापांतून असा बाजूला निघाला. ज्यांचा ताप सिंकोनाच्या सालीने उतरला नाही त्यांना ‘सिंकोनाला प्रतिसाद न देणारे’ म्हणून कुणी हिणवत नाही. त्यांना हिवताप नव्हता.

मग लिथियम मेंदूत नेमके करते तरी काय? अडचण अशी की ते फार गोष्टी करते. आवर्तसारणीतले हे तिसरे मूलद्रव्य आकाराने मॅग्नेशियमच्या आयनाशी मिळतेजुळते, म्हणून मॅग्नेशियमच्या जागी शिरून अनेक एन्झाइमे अडवते. १९८० च्या दशकात मायकल बेरिज यांनी मांडले की लिथियममुळे पेशीतला इनॉसिटॉलचा पुनर्वापर थांबतो आणि अतिउत्साही पेशींचे संदेशवहन मंदावते. १९९६ मध्ये पीटर क्लाइन आणि डग्लस मेल्टन यांनी दुसरे लक्ष्य दाखवले: जीएसके-३ नावाचे एन्झाइम. दोन्ही खरे आहेत. पण दोन्ही सर्वांच्याच पेशींत घडते, त्यामुळे ‘मला गुण आला, तुला का नाही’ याचे उत्तर त्यांत नाही.

उत्तराच्या जवळ नेणारा प्रयोग कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेड गेज यांच्या प्रयोगशाळेत झाला आणि २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढता येत नाही, म्हणून बायपोलरच्या सहा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी घेतल्या. त्यांना मूळपेशींच्या अवस्थेत परत नेले आणि तिथून मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या चेतापेशींसारख्या पेशी वाढवल्या. सहापैकी तिघांना लिथियम लागू पडत होते, तिघांना नाही. सहाही जणांच्या पेशी निरोगी माणसांच्या पेशींपेक्षा भडक होत्या. जरा डिवचले की विद्युत्-स्पंदनांची सरबत्ती. मग बशीत लिथियम घातले. ज्या तिघांना प्रत्यक्षात गुण होता त्यांच्याच पेशी शांत झाल्या. बाकी तिघांच्या तशाच धगधगत राहिल्या. माणसाच्या मनःस्थितीची कित्येक वर्षांची कथा काचेच्या बशीतल्या पेशीने ओळखावी, हे मला अजूनही अचंबित करते. २०१८ मध्ये याच गटाने वेगळ्या रुग्णांच्या रक्तातल्या पेशींपासून चेतापेशी वाढवल्या. त्यांच्या विद्युत्-स्वभावावरून रुग्ण कुठल्या गटातला हे ९२ टक्क्यांहून अधिक अचूक ओळखता आले. मुद्द्याची गोष्ट ही की दोन्ही गटांच्या पेशी भडक असल्या तरी भडकण्याची तऱ्हा वेगळी होती. लक्षण एक, वाटा दोन.

२०२१ मध्ये रेनाटा सांतोस आणि गेज यांच्या गटाने यातली एक वाट आतून दाखवली. लिथियम जीएसके-३ ला अडवते. त्यामुळे बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन मोकळे होऊन पेशीकेंद्रात जाते. तिथे ते एलईएफ१ या जोडीदाराशी संधान बांधते आणि मग काही जनुके जागी होतात. गुण न येणाऱ्यांच्या पेशींत हा एलईएफ१च फार कमी निघाला. निरोप निघाला, दारापर्यंत पोहोचला, दार उघडायला कुणी नाही. निरोगी माणसांच्या पेशींत मुद्दाम एलईएफ१ दाबल्यावर त्याही भडकल्या. व्हॅल्प्रोएट हे जुने फिट्सचे औषध लिथियम न चालणाऱ्यांना अनेकदा देतात. त्याने एलईएफ१ वाढला आणि पेशी निवल्या. साखळी इतकी सुबक जुळते की सावध व्हावेसे वाटते. कारण त्याआधी, २०१७ मध्ये, इव्हन स्नायडर यांच्या गटाने सीआरएमपी२ नावाच्या अगदी वेगळ्या प्रथिनावर बोट ठेवले होते, आणि तेही पटण्याजोगे होते. या साऱ्या प्रयोगांतले रुग्ण बोटांवर मोजण्याइतके. बशीतली पेशी काही आठवड्यांची, रुग्णाचा मेंदू चाळीस वर्षांचा. रुग्णाला गोळी सुरू करण्याआधी अशी पेशी वाढवून पाहावी म्हटले तर महिने आणि लाखो रुपये जातील. तेवढ्यात गोळीचीच परीक्षा होऊन जाते.

जनुकांची कथा याहून शिकवणारी आहे. २०१४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये जाहीर केले की हान चिनी वंशाच्या २९४ रुग्णांत जीएडीएल१ या जनुकातल्या एका बदलावरून लिथियमचा गुण जवळजवळ नक्की सांगता येतो, ओळखण्याची क्षमता ९३ टक्के. मनोविकारांत असे आकडे दिसत नाहीत. इतर देशांतल्या संशोधकांनी लगेच आपापल्या रुग्णांत पडताळले: जपानी, युरोपीय, आणि भारतीय नमुन्यांतही. कुठेच जमले नाही. काही ठिकाणी तर तो बदलच इतका दुर्मीळ निघाला की तपासणीचा प्रश्नच उरला नाही.

त्यानंतर एकट्यादुकट्या जनुकाची आशा मावळली आणि मोठे गट कामाला लागले. ‘कॉनलायजेन’ या नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने, टोमास शुल्झे यांच्या पुढाकाराने, २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २,५६३ रुग्णांचा अभ्यास छापला. एकविसाव्या गुणसूत्रावरचा एक पट्टा गुणाशी जोडलेला निघाला. स्वतंत्रपणे ७३ रुग्णांना दोन वर्षांपर्यंत फक्त लिथियमवर ठेवून पाहिले, तेव्हा त्या पट्ट्यातले गुणाशी जोडलेले बदल असणाऱ्यांत आजार कमी उलटला. त्या पट्ट्यातली जनुके प्रथिने बनवतच नाहीत, त्यामुळे ती करतात काय हे धूसरच. दोन वर्षांनी अझ्मेराव अमारे यांच्या पुढाकाराने याच गटाने वेगळा प्रश्न विचारला: ज्यांच्या जनुकांत स्किझोफ्रेनियाकडे झुकणारे शेकडो बारीक बदल जास्त साठलेले आहेत, त्यांना लिथियम कसे लागू पडते? कमी. सर्वांत कमी साठा असलेल्या दहाव्या हिश्शात गुण येण्याची संभाव्यता सर्वांत जास्त साठा असलेल्यांच्या तुलनेत सुमारे साडेतीन पट होती. पुढे नैराश्याकडे झुकणाऱ्या बदलांच्या बाबतीतही तसेच दिसले. घराण्यात स्किझोफ्रेनिया असेल तर लिथियम कमी चालते, हे जुन्या डॉक्टरांचे निरीक्षण जनुकांच्या भाषेत परत आले. पण गटांमधला फरक वेगळा आणि समोरच्या एका माणसाचे भविष्य वेगळे. रुग्णा-रुग्णांतल्या एकूण फरकाचा अगदी थोडा भाग जनुकांतल्या या साठ्याने उलगडतो. ‘तुमच्यासाठी योग्य मनोविकार-औषध’ सांगणारी लाळेची तपासणी आता आपल्याकडेही हजारो रुपयांना विकली जाते. लिथियमपुरते बोलायचे तर त्या अहवालावर एक गोळीही कमी-जास्त करू नये.

आणखी काही वाटा आहेत, त्यांवर धावती नजर पुरे. लिथियम शरीराच्या घड्याळाचा दिवस थोडा लांबवते, आणि सकाळी लवकर उठण्याचा कल असलेल्यांना ते जास्त लागू पडते असे काही अभ्यासांत दिसले आहे. इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी खास एमआरआयने मेंदूतले लिथियमच टिपले. ते सगळीकडे सारखे पसरत नाही, आणि रक्तातल्या आकड्यावरून मेंदूतला आकडा नेमका सांगता येत नाही. हे पुढे खरे उपयोगी ठरेल असे मला वाटते, कारण ‘औषध मेंदूत पोहोचले का’ हा प्रश्न ‘मेंदूने ऐकले का’ याच्या आधीचा आहे.

एक गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी. गुण आला नाही म्हणून लिथियम बंद करताना डॉक्टरही झटक्यांचाच हिशोब करतात. २००१ मध्ये बर्नड आरेन्स आणि ब्रुनो म्युलर-ओर्लिंगहाउझेन या जर्मन तज्ज्ञांनी पाहिले की ज्यांचे झटके लिथियमने आटोक्यात आले नव्हते, त्यांच्यातही आत्महत्येचे प्रयत्न लिथियम घेत असताना कमी झाले होते. २०१३ मध्ये आंद्रेआ चिप्रियानी यांनी सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हाही लिथियमवर आत्महत्या कमी दिसल्या. अलीकडे अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत हा लाभ दिसला नाही, म्हणून वाद मिटलेला नाही. पण झटके थांबवणे आणि जीव वाचवणे ही दोन वेगळी कामे असू शकतात, आणि पहिल्यात नापास झालेला रुग्ण दुसऱ्यात पास असेल. म्हणून बंद करायचेच तर हळूहळू, महिने घेऊन.

आपल्याकडचे काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी बायपोलर झालेल्यांचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आले आणि त्यातल्या सुमारे ७० टक्क्यांना उपचारच मिळत नव्हते. पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी इथले चित्र फार वेगळे असेल असे मानायला आधार नाही. लिथियमच्या जनुकीय अभ्यासांत बहुसंख्य रुग्ण युरोपीय वंशाचे, थोडे जपानी आणि तैवानी. जीएडीएल१ची फजिती आठवली तर त्यांचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे उतरतील असे धरून चालता येत नाही. बंगळुरूच्या निमहान्सने तिथल्याच मूळपेशी-संशोधकांबरोबर एका घरात अनेकांना मनोविकार असलेली कुटुंबे वर्षानुवर्षे पाठपुराव्यात ठेवली आहेत, त्यांच्या पेशी जतन केल्या आहेत. या प्रश्नाला लागणारा कच्चा माल तो हाच.

तो कच्चा माल पुरेल का, हे मात्र औषधांच्या चिठ्ठ्यांवर अवलंबून आहे. लिथियमचा गुण निखळ मोजायचा तर रुग्ण एकट्या लिथियमवर, योग्य पातळीला, निदान दोन वर्षे हवा. आजची चिठ्ठी पाहिली तर तिच्यावर लिथियम, व्हॅल्प्रोएट आणि ओलॅन्झापिन किंवा क्वेटियापिन ही तिन्ही एकत्र असतात, बहुतेकदा रुग्णालयातून सुटतानाच सुरू झालेली. वर्षभर बरे गेले तर तिघांपैकी श्रेय कुणाचे हे कुणी सांगू शकत नाही, आणि बिघडले तर कुणाला दोष द्यायचा तेही. पहिला झटका कधी आला, तो उन्मादाचा की नैराश्याचा, मधले दिवस स्वच्छ होते का, घरात अजून कुणाला असा आजार होता आणि त्याला कुठले औषध मानवले, हे विचारायला यंत्र लागत नाही. ओपीडीतल्या रांगेत अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास बहुतेक डॉक्टरांकडे नसतो.